क्षेत्रखोली

छायाचित्रात कॅमेऱ्यापासून निरनिराळ्या अंतरांवरील वस्तूंपैकी ज्या पट्ट्यातील वस्तू समाधानकारक स्पष्ट उमटतात, त्या पट्ट्याच्या अलीकडच्या सीमेपासून पलीकडच्या सीमेपर्यंतच्या अंतरास क्षेत्रखोली असे म्हणतात. छायाचित्रकारांच्या रोजच्या बोलण्यात तिचा उल्लेख ‘डेप्थ ऑफ फील्ड’ असाच होतो. फुलावर बसलेल्या कीटकाच्या छायाचित्रात ती जेमतेम एक मिलिमीटर असू शकते, तर एखाद्या विस्तीर्ण निसर्गदृश्यात ती पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत पसरलेली असते. क्षेत्रखोली कमी असणे हा दोष नव्हे आणि अधिक असणे हा गुणही नव्हे. चित्रात काय स्पष्ट दिसावे आणि काय धूसर राहावे, हे ठरवण्याचे ते एक साधन आहे. ते हाताळता न आल्यास मात्र निवड छायाचित्रकाराच्या हाती न राहता यंत्राच्या हाती जाते. उजेड, रंग यांतील उणीव छायाचित्र टिपल्यानंतर बऱ्याच अंशी भरून काढता येते. परंतु धूसर उमटलेल्या चेहऱ्यातील हरवलेला तपशील मागाहून खऱ्या अर्थाने परत मिळवता येत नाही. म्हणून छायाचित्रण शिकताना क्षेत्रखोलीच्या नियंत्रणास प्रारंभापासूनच महत्त्व दिले जाते.

स्पष्टता आणि धूसरता यांचे कारण

भिंग कोणत्याही एका वेळी एकाच अंतरावरील प्रतल काटेकोरपणे स्पष्ट उमटवू शकते. या प्रतलातील एखाद्या बिंदूपासून निघालेले किरण भिंगातून गेल्यावर शंकूच्या आकारात एकवटतात आणि शंकूचे टोक बरोबर संवेदकावर किंवा फिल्मवर टेकते. अशा बिंदूची प्रतिमा बिंदूसारखीच उमटते. वस्तू या प्रतलाच्या अलीकडे असेल, तर शंकूचे टोक संवेदकाच्या मागे पडते. पलीकडे असेल, तर ते संवेदकाच्या पुढेच तयार होते. दोन्ही बाबतींत संवेदक शंकूला मध्येच छेदतो आणि बिंदूच्या जागी एक लहानशी चकती उमटते. शेजारशेजारच्या असंख्य बिंदूंच्या चकत्या एकमेकींवर चढल्या की त्यालाच आपण धूसरता म्हणतो.

ही चकती पुरेशी लहान असेल, तर मानवी डोळ्याला तिच्यात आणि बिंदूत फरक कळत नाही. जेवढ्या व्यासापर्यंतची चकती बिंदू म्हणून चालवून घेतली जाते, त्या मर्यादेस संभ्रमवर्तुळ म्हणतात. ३६ × २४ मिलिमीटर मापाच्या, म्हणजे ‘फुल फ्रेम’ संवेदकासाठी ही मर्यादा प्रथेप्रमाणे ०.०३ मिलिमीटर धरली जाते. या संवेदकावरील चित्र सुमारे ८ पट मोठे करून छापले, तर ही चकती कागदावर सुमारे पाव मिलिमीटर होते, आणि हातात धरून पाहण्याच्या अंतरावरून ती बिंदूसारखीच भासते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. क्षेत्रखोलीच्या सीमा म्हणजे जमिनीवर आखलेली रेषा नव्हे. सीमेच्या आत सर्व काही सारखेच स्पष्ट आणि बाहेर पाऊल टाकताच सर्व धूसर, असे घडत नाही. स्पष्टता फोकसच्या प्रतलापासून दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जाते. तेच चित्र भिंतीएवढे मोठे करून जवळून पाहिले, तर क्षेत्रखोली कमी वाटते. फोनच्या लहान पडद्यावर पाहिले, तर अधिक वाटते.

डोळ्याच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. चाळिशी लागलेल्या माणसाला दिव्याच्या मंद उजेडात जे बारीक अक्षर चष्म्याशिवाय लागत नाही, ते पुष्कळदा भर उन्हात वाचता येते. उजेड वाढला की बाहुली आकुंचन पावते, किरणांचा शंकू अरुंद होतो आणि डोळ्याची क्षेत्रखोली वाढते. दूरचे नीट न दिसणारा विद्यार्थी फळ्याकडे डोळे बारीक करून पाहतो, त्यामागेही हेच कारण असते.

नियंत्रण करणारे घटक

क्षेत्रखोली मुख्यत्वे द्वारकाचा आकार, वस्तूचे अंतर आणि भिंगाचे केंद्रांतर या तीन गोष्टींवर अवलंबून असते. संवेदकाच्या आकाराचा परिणामही याच घटकांच्या द्वारे घडतो. पुढील सर्व आकडे फुल फ्रेम संवेदक आणि ०.०३ मिलिमीटरचे संभ्रमवर्तुळ गृहीत धरून काढलेले आहेत.

द्वारक

भिंगातील ज्या लहानमोठ्या करता येणाऱ्या छिद्रातून प्रकाश आत येतो, त्यास द्वारक किंवा ॲपर्चर म्हणतात. त्याचे माप एफ-अंकाने दर्शवतात. भिंगाच्या केंद्रांतराला द्वारकाच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. त्यामुळे ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगात एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचे द्वारक, तर एफ/१६ म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरचे. अंक मोठा तर छिद्र लहान, ही उलटी रीत नवशिक्यांना प्रथम गोंधळात पाडते. परंतु एफ हा भागाकार आहे हे लक्षात घेतले की गोंधळ उरत नाही. एकाचे दोन भाग केले तर प्रत्येक भाग मोठा आणि सोळा केले तर लहान, तसेच हे आहे.

द्वारक लहान केल्यास किरणांचा शंकू निमुळता होतो, धूसर चकत्या लहान होतात आणि क्षेत्रखोली वाढते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने ३ मीटर अंतरावर फोकस केला असता पुढीलप्रमाणे फरक पडतो:

एफ/२ : २.८० मीटरपासून ३.२३ मीटरपर्यंत, क्षेत्रखोली सुमारे ०.४३ मीटर
एफ/४ : २.६३ मीटरपासून ३.४९ मीटरपर्यंत, क्षेत्रखोली सुमारे ०.८७ मीटर
एफ/८ : २.३४ मीटरपासून ४.१९ मीटरपर्यंत, क्षेत्रखोली सुमारे १.८५ मीटर
एफ/१६ : १.९२ मीटरपासून ६.९२ मीटरपर्यंत, क्षेत्रखोली सुमारे ५ मीटर

अंतर

वस्तू जितकी जवळ, तितकी क्षेत्रखोली कमी. हा परिणाम द्वारकाच्या परिणामाहून अधिक तीव्र आहे. ५० मिलिमीटरचे भिंग आणि एफ/४ हे द्वारक कायम ठेवले, तर १ मीटर अंतरावर क्षेत्रखोली अवघी ९ सेंटिमीटर असते, २ मीटरवर ती सुमारे ३८ सेंटिमीटर होते आणि ४ मीटरवर सुमारे १५७ सेंटिमीटर. अंतर दुप्पट केले की क्षेत्रखोली सुमारे चौपट होते, असा ढोबळ नियम यातून दिसतो. अंतर फार वाढल्यावर मात्र हा नियम लागू राहत नाही, कारण तेव्हा पलीकडची सीमा अनंताकडे सरकू लागते.

अतिनिकट छायाचित्रणात, म्हणजे वस्तू संवेदकावर तिच्या मूळ आकाराएवढीच उमटत असताना, एफ/८ ला क्षेत्रखोली जेमतेम १ मिलिमीटर आणि एफ/१६ ला सुमारे २ मिलिमीटर असते. मुंगीचे डोळे स्पष्ट असताना तिचे मागचे पाय धूसर दिसतात ते यामुळेच. अशा वेळी कीटकाच्या शरीराची लांबी संवेदकाला समांतर राहील असा कॅमेरा धरणे हा पहिला उपाय होय.

केंद्रांतर

कॅमेऱ्याची जागा न बदलता अधिक केंद्रांतराचे भिंग लावले, तर क्षेत्रखोली झपाट्याने कमी होते. ३ मीटर अंतर आणि एफ/४ द्वारक असताना ३५ मिलिमीटरच्या भिंगाची क्षेत्रखोली सुमारे १.९० मीटर, ५० मिलिमीटरच्या भिंगाची ०.८७ मीटर, तर १०० मिलिमीटरच्या भिंगाची अवघी ०.२१ मीटर असते.

मात्र भिंग बदलताना छायाचित्रकार जागाही बदलून वस्तू चौकटीत पूर्वीएवढीच ठेवत असेल, तर चित्र वेगळे दिसते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने ३ मीटरवरून आणि १०० मिलिमीटरच्या भिंगाने ६ मीटरवरून तीच व्यक्ती सारख्याच आकाराची उमटते, आणि एफ/४ ला दोन्ही वेळी क्षेत्रखोली सुमारे ८६ सेंटिमीटरच भरते. म्हणून ‘लांब भिंगाची क्षेत्रखोली कमी असते’ हे विधान जागा कायम असतानाच पूर्णतः खरे ठरते.

संवेदकाचा आकार

लहान संवेदकावर तेवढेच दृश्य सामावण्यासाठी कमी केंद्रांतराचे भिंग लागते. त्यामुळे जागा, दृश्याची चौकट आणि एफ-अंक समान असताना लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याची क्षेत्रखोली अधिक असते. फोनच्या कॅमेऱ्यात हे ठळकपणे जाणवते. ज्या फोनच्या संवेदकाचा कर्ण फुल फ्रेमच्या सुमारे एकषष्ठांश आहे, त्याच्या एफ/१.८ भिंगाची क्षेत्रखोली फुल फ्रेम कॅमेऱ्यातील सुमारे एफ/११ इतकी असते. म्हणूनच फोनने काढलेल्या साध्या चित्रांत सहसा सर्वच काही स्पष्ट दिसते.

फोकसची जागा

क्षेत्रखोली किती आहे याइतकेच ती कोठे मांडली आहे याला महत्त्व असते. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे शाळेतील किंवा घरच्या कार्यातील समूहचित्र. पंधरा माणसे तीन रांगांत बसली-उभी आहेत आणि रांगा कॅमेऱ्यापासून अनुक्रमे ४ मीटर, ४.७५ मीटर आणि ५.५० मीटर अंतरावर आहेत, असे मानू. भिंग ५० मिलिमीटरचे आणि द्वारक एफ/४ आहे. पहिल्या रांगेत मध्यभागी बसलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीवर फोकस साधला, तर क्षेत्रखोली ३.३६ मीटरपासून ४.९४ मीटरपर्यंत पसरते. पहिल्या दोन रांगा स्पष्ट येतात, पण तिसरी धूसर होते. क्षेत्रखोलीचा अर्ध्या मीटरहून अधिक भाग पहिल्या रांगेपुढच्या रिकाम्या जागेत वाया जातो. तोच फोकस दुसऱ्या रांगेवर नेला, तर द्वारक न बदलताही ३.८८ मीटरपासून ६.१३ मीटरपर्यंतचा पट्टा स्पष्ट होतो आणि तिन्ही रांगा त्यात सामावतात. एफ/५.६ निवडल्यास हा पट्टा ३.६१ मीटरपासून ६.९४ मीटरपर्यंत वाढतो आणि कोणी किंचित मागे-पुढे झाले तरी धोका राहत नाही.

क्षेत्रखोलीचा एकतृतीयांश भाग फोकसच्या अलीकडे आणि दोनतृतीयांश पलीकडे असतो, असा नियम अनेकदा सांगितला जातो. तो सर्वत्र लागू पडत नाही. अतिनिकट छायाचित्रणात दोन्ही भाग जवळजवळ समान असतात. अंतर वाढत जाते तसा पलीकडचा भाग मोठा होत जातो, आणि एका ठरावीक अंतरावर तर तो अनंतापर्यंत पोहोचतो.

हायपरफोकल अंतर

ज्या अंतरावर फोकस केला असता क्षेत्रखोलीची पलीकडची सीमा अनंतापर्यंत जाते, अशा सर्वांत कमी अंतरास हायपरफोकल अंतर म्हणतात. केंद्रांतराच्या वर्गाला एफ-अंक व संभ्रमवर्तुळ यांच्या गुणाकाराने भागून त्यात केंद्रांतर मिळवले की ते अंतर मिळते. ५० मिलिमीटरचे भिंग आणि एफ/८ असताना २५०० ला ०.२४ ने भागून सुमारे १०,४१७ मिलिमीटर येतात. त्यात ५० मिळवले की हायपरफोकल अंतर सुमारे १०.५ मीटर होते. तेथे फोकस साधल्यास त्याच्या निम्म्या अंतरापासून, म्हणजे सुमारे ५.२ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही स्पष्ट मानता येते. एकतृतीयांशाचा वर सांगितलेला नियमही हायपरफोकल अंतराच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर फोकस केला असतानाच बरोबर जुळतो.

निसर्गचित्रणात या अंतराचा विशेष उपयोग होतो. साताऱ्याजवळील कास पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस रानफुले फुलतात, तेव्हा जवळची फुले आणि मागचे डोंगर दोन्ही एकाच चित्रात स्पष्ट हवे असतात. २४ मिलिमीटरच्या भिंगाने एफ/११ ला सुमारे १.७७ मीटरवर फोकस साधला, तर ९० सेंटिमीटरवरील फुलापासून क्षितिजापर्यंतचा भाग क्षेत्रखोलीत येतो. वाटेच्या कडेला उभे राहून असे चित्र मिळवता येत असल्याने फुलांच्या ताटव्यात शिरून नाजूक रोपे तुडवण्याचे कारण उरत नाही.

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. अनंतावरील वस्तू येथे अगदी सीमेवर, म्हणजे केवळ चालवून घेण्याइतकीच स्पष्ट असते. चित्र मोठे छापायचे असेल, तर द्वारक एक पायरी आणखी लहान करणे किंवा फोकस थोडा दूर नेणे श्रेयस्कर ठरते.

लहान द्वारकाचे मोल

क्षेत्रखोली वाढवायची तर द्वारक लहान करावे, हे खरे. पण त्याचे मोल द्यावे लागते. एफ/४, एफ/५.६, एफ/८, एफ/११, एफ/१६ या क्रमातील प्रत्येक पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. एफ/४ वरून एफ/१६ वर गेल्यास तो सोळाव्या हिश्शावर येतो. तेवढेच उद्भासन राखण्यासाठी १/२५० सेकंदाऐवजी सुमारे १/१५ सेकंद शटर उघडे ठेवावे लागते. एवढ्या वेळात धावणारे मूल, वाऱ्याने हलणारे फूल किंवा छायाचित्रकाराचा हात जागेवर राहत नाही. तेव्हा क्षेत्रखोलीने मिळवलेली स्पष्टता हालचालीने नष्ट होते. तिवई वापरल्यास कॅमेरा स्थिर राहतो, वस्तू मात्र राहत नाही. शटरचा वेग तोच ठेवून आयएसओ १०० वरून १६०० वर नेल्यासही उद्भासन साधते, परंतु चित्रात कणीदारपणा येतो.

दुसरी अडचण प्रकाशाच्या स्वभावातूनच उद्भवते. अतिशय लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडेला पसरतो आणि बिंदूची प्रतिमा पुन्हा चकतीसारखी होते. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास एफ/८ ला सुमारे ०.०११ मिलिमीटर, एफ/१६ ला सुमारे ०.०२१ मिलिमीटर आणि एफ/२२ ला सुमारे ०.०३ मिलिमीटर असतो. म्हणजे एफ/२२ ला तो संभ्रमवर्तुळाच्या मर्यादेलाच भिडतो. यापुढे द्वारक लहान केल्यास अलीकडचे-पलीकडचे भाग सुधारत असतानाच संपूर्ण चित्राची धार बोथट होत जाते. सुईने छिद्र पाडून केलेल्या भिंगरहित कॅमेऱ्यात ही स्थिती टोकाला पोहोचते: त्यात जवळचे आणि दूरचे सारखेच दिसते, परंतु काहीच पुरते रेखीव दिसत नाही.

पार्श्वभूमीची धूसरता

क्षेत्रखोली कमी असणे आणि पार्श्वभूमी धूसर असणे या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. क्षेत्रखोली ही स्पष्ट पट्ट्याची लांबी सांगते, तर धूसरता ही त्या पट्ट्याबाहेरील वस्तू किती विरघळल्या आहेत हे सांगते. वर दिलेल्या उदाहरणात ५० मिलिमीटरच्या भिंगाने ३ मीटरवरून आणि १०० मिलिमीटरच्या भिंगाने ६ मीटरवरून घेतलेल्या चित्रांची क्षेत्रखोली समान आहे. तरीही अगदी दूरच्या पार्श्वभूमीतील दिव्याची चकती दुसऱ्या चित्रात सुमारे दुप्पट मोठी उमटते. व्यक्तिचित्रणासाठी ८५ ते १३५ मिलिमीटरची भिंगे पसंत केली जातात त्याचे हे एक कारण आहे. पार्श्वभूमी अधिक धूसर हवी असल्यास व्यक्तीला भिंतीपासून चार पावले पुढे आणणे हा सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत परिणामकारक उपाय असतो.

धूसर भागाच्या दृश्यगुणाला ‘बोके’ म्हणतात. हा शब्द जपानी भाषेतून आला असून त्याचा अर्थ धूसरपणा असा आहे. द्वारकाची पाती गोलाई राखत असतील, तर दिव्यांच्या चकत्या गोल दिसतात. पाती मोजकी आणि सरळ कडांची असतील, तर त्या बहुकोनी दिसतात.

शिकण्याची पद्धत

अभ्यासासाठी प्रथम तीनांपैकी एकच घटक बदलून बाकीचे दोन कायम ठेवणे इष्ट असते. शिंप्याची मोजपट्टी टेबलावर लांब पसरून कॅमेरा तिच्या एका टोकाकडून तिरका रोखावा, एका ठरावीक आकड्यावर हाताने फोकस करावा आणि द्वारक पायरीपायरीने लहान करीत चित्रे घ्यावीत. कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत अक्षरे वाचता येतात, हे संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहिले की क्षेत्रखोली प्रत्यक्ष मोजता येते. त्यानंतर द्वारक कायम ठेवून अंतर बदलावे आणि शेवटी भिंग बदलावे. या सरावासाठी कॅमेरा द्वारक-प्राधान्य पद्धतीवर ठेवतात. तीत एफ-अंक छायाचित्रकार निवडतो आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. तो वेग फार मंद होत नाही ना, यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते.

आरशाच्या, म्हणजे एसएलआर प्रकारच्या कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून पाहताना द्वारक पूर्ण उघडे असते. ते निवडलेल्या मापापर्यंत केवळ चित्र टिपण्याच्या क्षणी मिटते. त्यामुळे डोळ्याला दिसणारी क्षेत्रखोली प्रत्यक्ष चित्रातील क्षेत्रखोलीहून कमी असू शकते. अनेक कॅमेऱ्यांत द्वारक आधीच मिटवून पाहण्यासाठी स्वतंत्र कळ असते. ती दाबली की दृश्य अंधारते, पण स्पष्टतेचा खरा विस्तार समजतो. जुन्या भिंगांच्या नळीवर प्रत्येक एफ-अंकासाठी क्षेत्रखोलीच्या खुणा कोरलेल्या असत; त्यांवरून दोन्ही सीमा सरळ वाचता येत.

व्यक्तिचित्रात फोकस कॅमेऱ्याकडील डोळ्यावर साधण्याचा संकेत आहे. ८५ मिलिमीटरसारख्या भिंगाने, मोठे द्वारक ठेवून जवळून चित्र घेतल्यास क्षेत्रखोली काही सेंटिमीटरच उरते आणि नाकाचा शेंडा स्पष्ट पण डोळे धूसर, असा प्रकार सहज घडतो. फोकस साधल्यानंतर छायाचित्रकार किंवा समोरची व्यक्ती थोडी जरी झुकली तरी हाच दोष उद्भवतो.

विशेष तंत्रे

भिंग संवेदकाशी समांतर न ठेवता तिरके केल्यास स्पष्टतेचे प्रतलही तिरके होते. भिंगाचे प्रतल, प्रतिमेचे प्रतल आणि स्पष्ट दिसणाऱ्या वस्तूचे प्रतल ही एकाच रेषेत मिळतात, असा हा नियम ऑस्ट्रियाचे थिओडोर शाईमफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९०४ साली हवाई छायाचित्रांतील विकृती दूर करण्याच्या संदर्भात त्याचा उपयोग मांडला. मात्र त्याआधी ज्यूल कारपाँतिए यांनी तो वापरला असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. या तंत्राने द्वारक फारसे लहान न करताही जमिनीचा लांब पट्टा स्पष्ट करता येतो.

अतिनिकट छायाचित्रणात व सूक्ष्मदर्शीय चित्रणात फोकस थोडाथोडा सरकवत अनेक चित्रे घेतात आणि प्रत्येकातील स्पष्ट भाग संगणकाच्या साहाय्याने एकत्र जोडतात. स्थिर वस्तूंसाठी हे तंत्र उत्तम ठरते. हलत्या वस्तूंसाठी मात्र ते उपयोगी पडत नाही.

फोनमधील ‘पोर्ट्रेट’ पद्धतीत धूसरता प्रकाशीय नसून गणनेने निर्माण केलेली असते. वस्तूंच्या अंतराचा अंदाज घेऊन पार्श्वभूमी मागाहून धूसर केली जाते. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ प्लसमध्ये ही सोय दिल्यानंतर तिचा प्रसार वेगाने झाला. मोकळे केस, चष्म्याच्या कडा, काचेचा पेला अशा ठिकाणी हा अंदाज चुकण्याची शक्यता अधिक असते.

छायाचित्रकला व चित्रपट यांतील उपयोग

क्षेत्रखोली किती असावी, हा प्रश्न छायाचित्रकलेच्या इतिहासात केवळ तांत्रिक राहिलेला नाही. कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी व्यक्तिचित्रांत मुद्दाम मृदू फोकस ठेवला आणि त्याबद्दल समकालीनांची टीकाही सोसली. पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की डोळा एका वेळी एकाच गोष्टीवर स्थिरावतो, म्हणून चित्रातही मुख्य विषय स्पष्ट आणि बाकीचे काहीसे मृदू असावे.

याच्या नेमकी उलट भूमिका १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातील छायाचित्रकारांच्या एका गटाने घेतली. ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलार्ड व्हॅन डाइक आदींच्या या गटाने आपले नावच ‘ग्रुप एफ/६४’ असे ठेवले. एफ/६४ हे मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यांतील अतिशय लहान द्वारक होय. अशा कॅमेऱ्यांच्या लांब केंद्रांतरामुळे क्षेत्रखोली मुळातच कमी असते; ती भरून काढण्यासाठी एवढे लहान द्वारक वापरून दीर्घ उद्भासन द्यावे लागे. अग्रभूमीपासून पार्श्वभूमीपर्यंत सर्व तपशील लख्ख दाखवणे हेच छायाचित्राचे खरे बळ आहे, असे या गटाचे म्हणणे होते.

चित्रपटात ऑर्सन वेल्स दिग्दर्शित ‘सिटिझन केन’ (१९४१) मधील छायालेखन या संदर्भात प्रसिद्ध आहे. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी कमी केंद्रांतराची भिंगे, लहान द्वारक, संवेदनशील फिल्म आणि प्रखर दिवे यांच्या साहाय्याने जवळची व दूरची पात्रे एकाच वेळी स्पष्ट दाखवली. त्यामुळे कोणाकडे पाहायचे याची निवड बरीचशी प्रेक्षकावर सोपवली गेली. मात्र त्यातील काही दृश्ये एकाच फिल्मवर दोनदा उद्भासन देऊन साधलेली होती. भिंगाच्या मर्यादेपुढे तेथे युक्तीचा आधार घ्यावा लागला.

दुसरे टोक स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात दिसते. मेणबत्त्यांच्या उजेडातील प्रसंग चित्रित करण्यासाठी नासाकरिता तयार झालेले ५० मिलिमीटर, एफ/०.७ हे झाइस भिंग वापरण्यात आले. या भिंगाच्या द्वारकाचा व्यास सुमारे ७१ मिलिमीटर भरतो. एवढ्या मोठ्या द्वारकामुळे अत्यल्प उजेडात चित्रण शक्य झाले, पण क्षेत्रखोली इतकी कमी उरली की पात्रांच्या हालचालींवर कडक बंधने आली आणि फोकस टिकवणे हे चित्रणातील सर्वांत कठीण काम ठरले.

बातमीचित्र, गुन्ह्याच्या जागेची नोंद, पुराणवस्तूंचे दस्तऐवजीकरण अशा क्षेत्रांत सहसा अधिक क्षेत्रखोली राखली जाते, कारण आज गौण वाटणारा पार्श्वभूमीतील तपशील उद्या महत्त्वाचा ठरू शकतो. उलट व्यक्तिचित्र, वन्यजीवचित्र किंवा खाद्यपदार्थांचे चित्र यांत कमी क्षेत्रखोलीने गर्दीतून विषय वेगळा काढता येतो. धूसर केलेली पार्श्वभूमी म्हणजे प्रेक्षकापासून वगळलेली माहितीही असते. त्यामुळे चित्राचा हेतू काय आहे, यावरच क्षेत्रखोलीची योग्यता ठरते.